हिरव्या शार्त्रूजपासून सुरुवात करावी

मठजीवनाशी खरे नाते असलेले कॉकटेल शिकायचे असेल, तर केवळ ध्यानधारणेचे नाव लावलेल्या पेयांमागे न जाता आपण हिरव्या शार्त्रूज या वनस्पतींच्या मद्यापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. संत ब्रूनो यांनी १०८४ मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये स्थापन केलेल्या, मौन व एकांत पाळणाऱ्या कार्थुसियन या ख्रिस्ती मठवासीयांच्या संघाला १६०५ मध्ये मिळालेल्या हस्तलिखितातून हे मद्य पुढे घडले. त्यात १३० वनस्पती असून कृती आजही मोजक्या मठवासीयांनाच ठाऊक असते. मागणी वाढली तरी साधनेत व्यत्यय नको म्हणून त्यांनी उत्पादन वाढवण्याचे नाकारले आहे (हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो), त्यामुळे बाटली सहज मिळत नाही.

प्रथम चमचाभर मद्य नुसतेच चाखावे, कारण ५५ टक्के अल्कोहोलचा दाह ओसरल्यावरच त्यातील वनस्पतींची चव उमगते. मग डेट्रॉइट अ‍ॅथलेटिक क्लबमधील ‘लास्ट वर्ड’ हे कॉकटेल करावे: जिन, हिरवी शार्त्रूज, माराशिनो (चेरीपासून केलेली गोड) लिकर आणि लिंबाचा ताजा रस प्रत्येकी २२ मिली घेऊन, शेकर हाताला बोचण्याइतका गार होईपर्यंत भरपूर बर्फासोबत हलवावे व बारीक गाळणीतून थंड ग्लासात ओतावे. आपले कागदी लिंबू बरेच आंबट असते, म्हणून रस थोडा कमी घालून चव पाहावी आणि मगच वाढवावा. माराशिनो मात्र अंदाजाने कधीही ओतू नये, कारण थोडी जास्त झाली तरी ती बाकी सर्व चवींवर मात करते.