पाळण्याला खुर्च्या किती होत्या?

प्रिय मुली,

बंद पडलेल्या बागा आणि पाळण्यांवरच्या लेखाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्यांदा रिक्षात, त्यामुळे अर्धवट. दुसऱ्यांदा घरी पेन्सिल घेऊन. ‘हरवलेलं बालपण’ हे शब्द सात पानांत नऊ वेळा आलेत. आठ खोड. नवव्याचं नंतर बघू.

मुंबईच्या गोराईचं पान मला आवडलं. बोट धक्क्याला लागायच्या आतच सगळा वर्ग उठून उभा राहतो आणि बोटवाला ओरडतो, ते तू छान पकडलं आहेस. पण १९८९ साली तिथलं करमणूक उद्यान एस्सेल वर्ल्ड सुरू झालं, १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आलं, २०२२ साली एस्सेल वर्ल्डचं फाटक बंद झालं, एवढं सांगून तू थेट उसाशावर येतेस. तू तिथे परत गेली नाहीस, हे वाचताना कळतं. जा एकदा. शेजारी विपश्यना पॅगोडा आहे, २००९ मध्ये खुला झालेला, एका वेळी आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतील एवढा घुमट. ज्या खाडीतून पोरं ‘आधी झिपर डिपर की आधी शॉट एन ड्रॉप’ यावर भांडत गेली, तिथूनच आता माणसं गप्प बसायला जातात. हे वाक्य उचलू नकोस, माझं आहे. तू तुझं बघून ये.

आता चुकांकडे. पेशवे पार्क तू ‘नामशेष’ यादीत टाकलं आहेस. पुण्याचा एखादा वाचक तुला पत्र लिहील आणि ते सौम्य नसेल. १९५६ साली सुरू झालेली फुलराणी, तिथली मुलांची छोटी आगगाडी, अजून धावते. गेलं ते प्राणिसंग्रहालय, १९९९ साली कात्रजला. आणि त्याबद्दल तू हळहळतेस कशासाठी? मी ते पिंजरे पाहिले आहेत. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, मग वळायचं, असं करणारा वाघ आणि गजांपलीकडून शेंगदाणे फेकणारे आम्ही. शेंगदाणे, वाघाला! काही जागा बंद झाल्या तेच बरं झालं, हेही तुझ्या लेखात यायला हवं.

‘मॉल आले आणि बागा संपल्या’ हे वाक्यही काढ. दिल्लीचं अप्पूघर घे. १९८२ च्या एशियाडचं बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीवरून नाव, १९८४ साली प्रगती मैदानात सुरू, २००८ मध्ये बंद. कशामुळे? ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्ताराला हवी होती. मॉलचा काही संबंध नाही. प्रत्येक ठिकाणी जमीन कोणाची होती, करार केव्हा संपला, नंतर तिथे काय उभं राहिलं, हे शोध. सातबारा नाहीतर सिटी सर्व्हेचा उतारा काढायला शीक. कंटाळवाणं काम आहे, पण बाग का गेली ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

अमेरिकेतल्या मिनी गोल्फवरचं दीड पान मी जवळजवळ फाडलंच होतं. १९३० साली तिकडे त्याचं वेड पसरलं, मंदीत रिकाम्या पडलेल्या प्लॉटवर छोटी छोटी मैदानं निघाली आणि वेड आलं तसं झपाट्यानं ओसरलं, हे खरं आहे. पण तू किंवा मी त्यावर कधी खेळलोय? मात्र त्यात तू एक ओळ सहज लिहून गेली आहेस: त्या मैदानांवरची ‘हिरवळ’ गवताची नव्हतीच, सरकीची टरफलं तेलात कालवून हिरवी रंगवलेली होती. अगं, हे सोनं आहे! विदर्भात ज्याच्या घरी कापूस पिकलाय, तो ही ओळ वाचून थांबेल. ती ठेव, बाकीचं दीड पान जाऊ दे.

तुला एवढं बोलतोय, तर माझीही फजिती ऐक. तुझ्याच वयाचा असताना माउंट मेरीच्या जत्रेतल्या रहाटपाळण्यावर मी लेख लिहिला होता. ‘बारा खुर्च्यांचा, माडापेक्षा उंच, वर गेलं की समुद्र दिसायचा’ असं ठोकून दिलं. छापूनही आलं. मग आईनं ट्रंकेतून एक फोटो काढून समोर ठेवला. लाकडी पाळणा, खुर्च्या चार. उंची आमच्या चाळीच्या पहिल्या मजल्याएवढी. समुद्र सोड, शेजारचा शेवगाठीवालासुद्धा पुरता दिसला नसता.

पण त्याच फोटोत मी पार विसरलेली एक गोष्ट होती. मोटर नव्हती. बनियन घातलेला एक माणूस आऱ्यांवरून वर चढला होता आणि वरच्या दांड्याला लोंबकळत होता. त्याच्या वजनानं पाळणा खाली यायचा, खाली आला की तो उडी मारायचा आणि परत चढायचा. दर फेरीला. संध्याकाळभर. मला खुर्च्या आठवत होत्या, त्याही चुकीच्या, आणि माझा पाळणा फिरवणारा माणूस मात्र आठवत नव्हता. तो लेख मी पुन्हा लिहिला नाही याची चुटपुट आहे. तुला पत्र लिहायचं निम्मं कारण तेच.

म्हणून मामाला, काकूला ‘तेव्हा कसं वाटायचं?’ असं विचारूच नकोस. सगळे ‘खूप मजा यायची’ म्हणतात आणि चहा मागवतात. तिकीट केवढ्याचं होतं ते विचार. पैसे कोणी दिले, कोणाला नेलं नाही, पाळण्यात कोणी ओकलं तर पुसायचं कोण? एकदा काकूंना मी ‘नेलं नाही कोणाला?’ एवढंच विचारलं, तर त्या तासभर बोलल्या. धाकट्या बहिणीला घरी ठेवून गेले होते सगळे. बहीण आता सत्तरीची आहे, अजून ऐकवते.

आणि जत्रांत फिर. टोराटोरा, ब्रेकडान्स असले पाळणे चालवणाऱ्यांशी गर्दीच्या वेळी बोलू नकोस. दुपारी जा, जनरेटर बंद असतो, माणसं पाळण्यांच्या सावलीत जेवत असतात. पाळणा कुठून घेतला, आधी कोणाचा होता, रंग किती वेळा दिला, हे विचार. सोबत वही ने, मोबाइल लगेच पुढे धरू नकोस. जेवायला बस म्हणाले तर बस.

गोराईला जाशील तेव्हा ओहोटीला धक्क्यावर पाय जपून टाक, शेवाळ असतं. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेव.

फोटोची प्रत सोबत पाठवतोय. डावीकडच्या खुर्चीत डोळे घट्ट मिटलेला मी. शेजारचा मुलगा कोण, ते आईलाही शेवटपर्यंत आठवलं नाही.

तुझा,
काका