आजीची पैठणी, बुटिकचं कोटेशन आणि तुमचे चाळीस हजार

कल्याणहून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. डिसेंबरमध्ये त्यांचं लग्न आहे. पगार हातात ₹४१,००० येतो आणि स्वतःच्या कपड्यांसाठी त्यांनी ₹४०,००० वेगळे काढून ठेवले आहेत. विधींच्या वेळी आजीची नऊवारी पैठणी आणि रिसेप्शनला मावसबहिणीचा लेहंगा, असा बेत आहे. दोन्ही मापाला बसते करून द्यायचे बुटिकने ₹३०,००० सांगितले: पैठणीची शिवलेली नऊवारी ₹६,५००, आरी वर्कचा (आकडीच्या सुईने केलेल्या भरतकामाचा) ब्लाउज ₹९,०००, रफू आणि ड्रायक्लीन ₹३,५००, लेहंगा ₹११,०००. आत्याचं म्हणणं, जुन्यावर तीस हजार घालण्यापेक्षा सरळ नवीन घे. नवी पैठणी आणि तयार लेहंगा मिळून ₹६०,००० होतात, कार्डावर बारा हप्ते. शिवाय एका परिचितांनी सुचवलंय की साडी विरलीच आहे तर तिच्या काठ-पदरातली जर, म्हणजे धातूची तार, विकून टाका. आता काय करू, असा प्रश्न आहे.

ताई, आधी हप्त्यांचा विषय संपवू, कारण त्यावर फार विचार करायची गरज नाही. ₹६०,००० बारा महिन्यांत, वर्षाला १६ टक्के व्याजाने फेडायचे तर हप्ता साधारण ₹५,४४४ पडतो. वर्षभरात सव्वापाच हजारांवर व्याज जातं, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे सगळे मिळून जवळजवळ ₹६६,३००, आणि प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, नवं घर, नवे खर्च, आणि पगारातले तेरा टक्के दर महिन्याला अशा दोन कपड्यांवर, ज्यातला एक पुन्हा अंगाला लागेलच असं नाही. एखादा हप्ता चुकला तर कार्डाचं व्याज वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांच्या घरात जातं. हातात चाळीस हजार रोख असताना साठ हजारांचं कर्ज काढू नका.

आत्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. नवीन घ्यायचंच झालं, तर साडी घेतलेली बरी, तयार लेहंगा नको. साडी करासाठी कापडात मोडते, तिच्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. शिवलेला तयार कपडा ₹२,५०० च्या वर गेला की २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के लागतो. आणि साडी मंगळागौरीला, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, दिराच्या लग्नाला निघते. तरीही घ्यायच्या आधी हे मोजा की लग्नात तुमच्याकडे साड्या येणार किती आहेत. मामाकडची पिवळी साडी येईल, साखरपुड्याची आलीच असेल, सासरकडून शालू येतो का ते आईला विचारायला लावा. मानपानाचं बोलणं झालेलं असतं, पण ते नवरीच्या बजेटच्या कागदावर उतरत नाही, आणि मग चौथी भारी साडी विकत घेतली जाते.

आता मुख्य प्रश्न, तीस हजारांचा. मला ही रक्कम जास्त वाटते, पण माझा खरा आक्षेप रकमेला नाही. या यादीत दोन वेगळ्या जातीचे खर्च एकत्र केलेत. रफू, ब्लाउज ही कामं अशी आहेत की उद्या नको वाटली तर उसवता येतात, बदलता येतात. पैठणी कापून नऊवारी शिवणं हे तसं नाही. त्या ओळीसमोर ₹६,५०० लिहिलंय, पण तुम्ही त्यात जे द्याल ते साडेसहा हजारांच्या पलीकडचं आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास सलग विणलेलं कापड. शिवायला घेतली की पायांचे भाग वेगळे होतात, काष्टा वेगळा, निऱ्या शिवून पक्क्या, पदर वेगळा जोडलेला. कमर आणि उंची तुमच्या आजच्या मापाला बांधली जाते. पुढे ती तुमच्या मुलीला नेसता येणार नाही, सहावारी करून वापरता येणार नाही, येवल्याच्या एखाद्या विणकराला दाखवून दुरुस्तही करून घेता येणार नाही. हातमागावरची जुनी पैठणी एकदा कापली की ती पुन्हा साडी होत नाही, आणि तशीच दुसरी तुम्हाला कुठल्याही पैशांत मिळणार नाही, कारण ती आजीची आहे.

आणि याची गरजही नाही. शिवलेली नऊवारी ही सोय आहे, दोन मिनिटांत चढते. पण न कापता नऊवारी नेसवून देणाऱ्या बायका आज कल्याण-डोंबिवलीत सहज मिळतात, आणि नवरीच्या मेकअपच्या पॅकेजमध्ये साडी नेसवणं बहुतेक वेळा धरलेलंच असतं. तुमच्या मेकअपवाल्या ताईंना आजच विचारा: नऊवारी नेसवता का, वेगळे पैसे किती? घरात एखादी मावशी, काकू काष्टा घालणारी असेल तर तोही खर्च नाही. दिवसभर शिवलेलीच हवी असेल, तर हळदीसाठी किंवा वरातीसाठी साध्या आर्ट सिल्कची शिवलेली घ्या किंवा भाड्याने आणा. आजीची पैठणी मंगलाष्टकांपुरती आणि सप्तपदीपुरती नेसा.

मात्र त्याआधी कापडाचा कस बघायला हवा, आणि हे काम बुटिकवर सोडू नका. दिवसा खिडकीशी साडी पूर्ण उलगडा. जिथे वर्षानुवर्षं घडी पडली आहे तिथे उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके रांगेत दिसले, तर तिथलं रेशीम तुटायला लागलंय. मग त्या घडीच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरून अगदी हलका ताण द्या. सुटे धागे निघाले तर रफू होईल. कापड रेषेत चिरत गेलं, तर तिथे रफूही धरणार नाही, कारण रफूचा धागा ज्यात ओवायचा तेच रेशीम ठिसूळ झालेलं असतं. अशा ठिकाणी मागून बारीक नेट लावून घेतात. आणि काष्ट्याच्या वेळी साडीवर जो ओढा येतो, तो विरलेल्या पैठणीला सोसत नाही. हे लक्षात घ्या की शिवूनही तो सुटत नाही, उलट शिवण त्याच दुबळ्या कापडातून जाते.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी रफूवाल्याला दाखवायचं, मग काय नेसायचं ते ठरवायचं. बुटिकने हे उलटं केलंय. शिलाई आधी धरली आणि रफू नंतर. रफू आणि ड्रायक्लीनच्या ₹३,५०० ला माझी पूर्ण संमती आहे. यादीतला हा सगळ्यात चांगला खर्च आहे, कारण तो लग्नापुरता नाही, साडीचं आयुष्य वाढवणारा आहे. फक्त आधी रफू आणि मग ड्रायक्लीन, एवढं बजावून सांगा. फाटलेल्या जागेसकट धुतली तर फाट वाढते.

जर विकण्याबद्दल. जुन्या पैठणीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार आणि वर सोन्याचं पाणी अशी जर असे, पुढे तांब्याची, मुलामा दिलेली जर आली. तुमच्या साडीत कुठली आहे हे ओळखीच्या सराफाकडे एका सुट्या धाग्यावर कळतं. पण समजा खरी चांदी निघाली, तरी विकत घेणारा वजनावर घेतो. तो साडी जाळून चांदी काढणार, म्हणून तुम्हाला विणकामाचा, नक्षीचा, वयाचा एक रुपयाही देणार नाही. पैशांची अशी निकड तुम्हाला नाही. त्या परिचितांना नम्रपणे नाही म्हणा.

ब्लाउज. ₹९,००० मला जड वाटतात, पण पैठणीवर चांगला ब्लाउज हवा ही तुमची इच्छा रास्त आहे, तो काटकसरीचा विषय करू नका. काम कुठे करायचं ते मात्र ठरवा. नऊवारी नेसल्यावर समोरचा भाग पदराखाली आणि दागिन्यांखाली जातो. दिसतात त्या बाह्या आणि पाठीचा गळा. आरी वर्क तेवढ्याच भागावर सांगितलंत, पुढे साधं ठेवलंत, तर हेच काम पाच हजारांच्या आसपास बसवायला सांगता येईल. भाव करताना 'कमी करा' म्हणू नका, 'पुढचं काम काढा आणि नव्याने सांगा' असं म्हणा. कापड वेगळं घ्या, पैठणीतून काढू देऊ नका. साधं रेशीम किंवा चांगला खण घेतलात, तर तोच ब्लाउज पुढे इतर साड्यांवरही चालेल. आणि शिंप्याला बगलेत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडायला सांगा, अस्तरातही. दोन-तीन वर्षांनी माप बदलेल तेव्हा पाच हजारांचा ब्लाउज शंभर-दोनशेत उसवून बसता होईल. माया कापून टाकलेली असली की तो कपाटातच राहतो.

आता लेहंगा. इथे तुमचा एक हिशेब चुकतोय असं मला वाटतं. मावसबहिणीने तो ₹४५,००० ला घेतला होता, म्हणून त्यावर ₹११,००० घालणं स्वस्त वाटतंय. पण ते पंचेचाळीस हजार तिचे गेले, तुमच्या निर्णयात ती रक्कम येतच नाही. तुम्हाला विचारायचंय ते एवढंच की या अकरा हजारांत मला एका संध्याकाळीसाठी काय मिळतंय.

त्याची फोड तुम्ही पाठवलीच आहे: चोळी मोठी करणं ₹६,५००, घागऱ्याची उंची ₹२,५००, नवं कॅन-कॅन (घागरा फुगवणारं आतलं कडक जाळीचं अस्तर) ₹२,०००. तिचं छातीचं माप चौतीस, तुमचं अडतीस. चार इंच काढायचे आहेत. तयार चोळीत चारही कडांना प्रत्येकी इंचभर माया असली, तरी शिवणीपुरतं सोडून जेमतेम तीन इंच मिळतात. उरलेल्यासाठी काखेखाली पट्टी घालावी लागणार. शिवाय जरदोसी काम जुन्या शिवणीशी थांबलेलं असतं, म्हणून जी माया बाहेर येते ती कोरी दिसते, सुयांची भोकंही राहतात. हे झाकायला पुन्हा हातकाम, म्हणून साडेसहा हजार. ते काम मुळीच करू नका. त्याच रंगछटेत साध्या रेशमाची नवी चोळी शिवून घ्या, साडेतीन हजारांच्या वर जाऊ देऊ नका. ओढणी भरजरी आहेच, चोळी साधी असली तर शोभतेच.

घागऱ्याची उंची कमी करायची आहे ती खालून कापायला लावू नका, खाली किनारीचं काम आहे. कळीदार घागरा कमरेकडून वर घेता येतो. कळी वर अरुंद आणि खाली रुंद असल्याने वरून घेतलं की कमरेचा घेरही मोठा होतो, आणि तुम्हाला तेच हवंय. म्हणजे एका कामात दोन मापं. पण एक गोष्ट आधी बहिणीशी स्पष्ट बोला: लेहंगा दिलाय की वापरायला दिलाय? परत द्यायचा असेल तर वरचं कापड कापायचं नाही, आत दुमडून नेफा घ्यायचा, कमरेला जेवढं लागेल तेवढं बाजूच्या शिवणीतून सोडवायचं आणि नंतर उसवून द्यायचं. नात्यात कपड्यावरून येणारा कडवटपणा कुठल्याही कोटेशनपेक्षा महाग पडतो. कॅन-कॅन आहे तेच ठेवा.

हे सगळं धरलं तर खर्च असा होतो: रफू-ड्रायक्लीन ₹३,५००, ब्लाउज ₹५,०००, चोळी ₹३,५००, घागरा ₹२,५००. एकूण ₹१४,५००. नेसवण्याचे आणि आयत्या वेळचे म्हणून आणखी तीन हजार बाजूला ठेवा. तरी चाळीसातले ₹२२,५०० उरतात. हे पैसे रुखवताच्या किंवा हॉलच्या खर्चात मिसळू देऊ नका. लग्नघरात उरलेल्या पैशाला दहा वाटा फुटतात. तुमच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात, मोडता येईल अशी मुदत ठेव करा. लग्नाच्या पहिल्या वर्षात नोकरी बदलावी लागली, आईच्या औषधपाण्याला पैसे लागले, तर कोणाकडे न मागता खर्च करता येईल अशी तुमची स्वतःची रक्कम हवी. मला या सगळ्या पत्रात साडीच्या खालोखाल याचंच महत्त्व वाटतं.

वेळेचंही सांगते. तुळशीच्या लग्नानंतर शिंपी हाताला लागत नाहीत, आणि दिवाळीच्या आधी ते दिवाळीच्या कपड्यांत असतात. पैठणी आताच रफूला द्या, ब्लाउज आणि चोळीचं कापड दसऱ्याच्या आत टाका. शेवटचं माप लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी, त्याच्या आधी नको, कारण या महिन्यांत नवरीचं वजन हलतंच. अर्जंटचे जादा पैसे इथेच वाचतात.

साडी देताना दोन्ही पदर, काठ आणि फाटलेल्या जागांचे फोटो काढा. पावतीवर 'जुनी हातमाग पैठणी, न कापता' असं लिहून घ्या, सोबत तारीख आणि ठरलेली रक्कम. आगाऊ अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नका. शिवणकाम ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, म्हणून २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ती येते. नुकसान झालं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. पण हातात पावती नसेल तर हे सगळं बोलायला सोपं आणि करायला कठीण.

उजेडात धरल्यावर साडी पूर्ण विरलेली निघाली, काष्टा सोसणार नाही असं रफूवाल्यानेही सांगितलं, तर नऊवारीचा बेत सोडा. मागून नेट लावून पदराची बाजू वर येईल अशी घडी घाला आणि मामाकडच्या पिवळ्या साडीवर ती शेल्यासारखी खांद्यावर घ्या. तसं झालं तर ब्लाउजचा रंग पिवळ्या साडीला धरून घ्यावा लागेल, म्हणून रफूवाल्याचं उत्तर येईपर्यंत ब्लाउजचं कापड विकत घेऊ नका. काय निघालं ते कळवा. नवे आकडे पाठवलेत तर हिशेब पुन्हा मांडून देईन.