वाचकांचे प्रश्न : फरशीवरचा रोबो आणि गणित

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने बी-बॉट हा मधमाशीच्या रूपाचा, फरशीवर चालणारा रोबो भेट दिला आहे. पहिली-दुसरीची मुले बटणे दाबतात, रोबो चालतो, टाळ्या वाजतात आणि तास संपतो. यातून गणित कसे शिकवावे? मुले 32 आहेत आणि रोबो एकच.
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बटण दाबणे आणि रोबो चालणे यांच्यामध्ये मुलाला विचार करावा लागेल अशी जागा तुमच्या तासात अजून नाही, ती केलीत की गणित आपोआप पुढे येईल. त्यासाठी एक नियम ठेवा. रोबोला सोडण्यापूर्वी मुलाने बाणांची कार्डे क्रमाने मांडायची आणि रोबो जिथे थांबेल असे वाटते त्या घरात चिंचोका ठेवायचा. त्यानंतरच बटणांना हात लावायचा.

बी-बॉटचे एक पाऊल 15 सेंटिमीटरचे असते आणि तो जागच्या जागी 90 अंशांत वळतो. म्हणून तपकिरी कागदावर 15 सेंटिमीटर बाजूची घरे एका ओळीत आखा आणि त्यांत 0 ते 10 अंक लिहा. रोबो 3 वर उभा करून त्याला 7 वर न्यायला सांगितले, तर काही मुले पाच वेळा पुढे जाण्याची आज्ञा देतील, कारण ज्या घरात रोबो उभा आहे तेही घर त्यांनी मोजलेले असते. सापशिडी खेळतानाही लहान मुले हीच चूक करतात. वहीत अशा उत्तरावर फुली पडते आणि मुलाला कारण कळत नाही. इथे मात्र रोबो 8 वर जाऊन थांबतो, चिंचोका 7 वरच राहतो आणि एक पाऊल कुठे जास्त झाले याचा शोध मूल स्वतः घेऊ लागते. हा शोध चालू असताना उत्तर सांगण्याचा मोह आवरा, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

वळणाला घाई करू नका. उजव्या बाणाने रोबो उजवीकडच्या घरात जाईल असे बहुतेक मुलांना वाटते, पण तो फक्त तोंड फिरवतो. शिवाय रोबोचे तोंड मुलाकडे असले, की त्याचे उजवे ते मुलाचे डावे होते. अशा वेळी मुलाला रोबोच्या मागे, त्याच दिशेला तोंड करून उभे करा आणि स्वतःच्या अंगाने वळायला सांगा. ही युक्ती जुनी आहे. 1967 साली अमेरिकेत मुलांसाठी लोगो ही संगणक-भाषा तयार झाली आणि पुढे तिच्या आज्ञांवर जमिनीवर चालणारे यांत्रिक कासव आले. त्या भाषेच्या निर्मात्यांपैकी एक, सेमूर पॅपर्ट, यांचा आग्रह हाच होता, की मुलाने स्वतः कासव होऊन चालून पाहावे. पॅपर्ट यांनी त्याआधी जिनिव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्यासोबत काम केले होते, आणि मूल कृतीतून ज्ञान घडवते हा विचार त्यांनी तिथूनच आणला.

चौघांचा एक गट करा : एकाने कार्डे मांडावीत, एकाने चिंचोका ठेवावा, एकाने बटणे दाबावीत आणि एकाने पावले मोजावीत. बाकीच्या गटांनी तोवर अंगणात खडूने घरे आखून, आपल्यातल्याच एकाला रोबो करून हाच सराव करावा. दोन गोष्टी सांभाळा. आधीच्या आज्ञा रोबोच्या स्मृतीत राहतात आणि नव्या त्यांना जोडल्या जातात, म्हणून प्रत्येक वेळी आधी पुसण्याचे बटण दाबा. नाहीतर बरोबर विचार केलेले मूल विनाकारण चुकीचे ठरेल. आणि सतरंजीवर त्याची वाट वाकडी होते, तेव्हा कागद सपाट फरशीवरच अंथरा.

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. लोगोतल्या कासवाकडून समभुज त्रिकोण काढून घेताना तिने प्रत्येक कोपऱ्यावर 60 अंशांचे वळण दिले, पण त्रिकोण झाला नाही. त्रिकोणाचा कोन 60 अंशांचाच असतो ना?
– एक पालक, नाशिक

उत्तर : कोन 60 अंशांचाच असतो, पण कासव आतला कोन वळत नाही. ते सरळ ज्या दिशेने जात होते, तिच्यापासून किती फिरायचे हे त्याला सांगावे लागते, आणि तो बाह्यकोन 180 वजा 60, म्हणजे 120 अंश असतो. तिला तिचीच आज्ञा सहा वेळा द्यायला सांगा. सुरेख षट्‌कोन तयार होईल. नंतर घरातल्या मोठ्या सतरंजीच्या कडेकडेने तिला एक फेरी मारू द्या. निघताना जिकडे तोंड होते तिकडेच पुन्हा तोंड करून ती उभी राहिली, की चार कोपऱ्यांवर मिळून ती 360 अंश फिरलेली असते. बहिर्वक्र, म्हणजे एकही कोपरा आत न वळलेल्या, बहुभुजाकृतीला बाजू कितीही असोत, ही बेरीज बदलत नाही, म्हणून नियमित पंचकोनासाठी वळण 360 भागिले 5, म्हणजे 72 अंश येते.

हे पटल्यावर तिला 144 अंशांचे वळण पाच वेळा देऊन पाहू द्या. पंचकोनी तारा उमटेल आणि वळणांची बेरीज 720 होईल. ती दुप्पट का झाली, हे तिला ताऱ्याच्या वाटेने फरशीवर चालूनच शोधू द्या.