बारावीनंतर आर्ट्स?

प्रश्न : बारावी सायन्सला मुलीला चांगले गुण आहेत, तरी तिला इतिहास शिकायचाय. आम्ही कोथरूडला राहतो. पुणे विद्यापीठासारख्या एवढ्या मोठ्या विद्यापीठात ती हरवून जाईल का? पुढे करणार काय?
– एक आई

उत्तर : ताई, आधी तिला जाऊ द्या. मी इतिहास शिकवण्यातच आयुष्य घालवलं, म्हणून ठामपणे सांगते.

बी.ए.ची वर्षं ती बहुधा एखाद्या संलग्न महाविद्यालयात काढेल, तिथे शिक्षक नावानिशी ओळखतात. विद्यापीठाचा मोठेपणा तिला कळेल तो गणेशखिंडीत, जयकर ग्रंथालयात. आणि पुण्यात इतिहास वर्गाबाहेरही पसरलेला आहे. सदाशिव पेठेत इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी 1910 मध्ये स्थापन केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथे मोडी या जुन्या मराठी लिपीतल्या कागदपत्रांचा मोठा साठा आहे. लॉ कॉलेज रोडला भांडारकर प्राच्यविद्या संस्था, येरवड्याला डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग. असं शहर विद्यार्थ्याला सहसा मिळत नाही हो!

तिला पहिल्याच वर्षी मोडी शिकायला लावा. जुने दस्त वाचणारी माणसं अभिलेखागारांना लागतात, जमिनीच्या दाव्यांतही लागतात. स्पर्धा परीक्षा, पत्रकारिता, अध्यापन हे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच. अर्थशास्त्र जोडीला घेता आलं तर जरूर घ्यावं.