पहिलं गाणं सरांवरचं आहे, तर ते आधी सरांना ऐकव

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोक रॉक गाते, गाणी स्वतः लिहिते. माझं पहिलं सिंगल, म्हणजे एकटं प्रसिद्ध होणारं गाणं, रेकॉर्ड होत आलंय. ते माझ्या गिटारच्या सरांवर आहे. सर फार मोठे वादक, पण नैराश्य आणि दारूपायी त्यांचं सगळं सुटत गेलं. दोन वर्षांत आमची भेट नाही. रेकॉर्डिंग मित्राच्या स्टुडिओत फुकट झालं, पण मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, त्याच्याकडे राहील असं तो म्हणतो. सरांचं नाव आणि फोटो टाकून 'सत्यकथा' म्हटलं तर गाणं चालेल, असंही त्याचं मत. मी पदवी सोडून पूर्णवेळ गावं का? कधी वाटतं, सरांसारखं मोडून पडल्याशिवाय खरं गाणं येतच नाही.

उत्तर : तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते, कारण मला काळजी त्याचीच वाटली. तूच पाठवलेल्या कडव्यात आहे की सर शिकवायला बसले की तिसरी तार पुन्हा पुन्हा लावायचे, आणि हात थरथरत असल्यामुळे खुंटी दर वेळी थोडी पुढे जायची. म्हणजे कान शाबूत होता, हात साथ देत नव्हता. दारूने त्यांना मोठं केल्याचं यात कुठे दिसतं? त्यांचं मोठेपण आधीच्या रियाजाचं होतं आणि दारू त्याच्या आड आली. तू सुरात गातेस, नेमकं लिहितेस, तेही मोडून न पडता. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते गाण्याचं भांडवल समजू नकोस. डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोल, याच आठवड्यात.

आता गाणं. गायक-गीतकार नील यंगचं 'द नीडल अँड द डॅमेज डन' तू ऐकलं असशील. त्याचा साथीदार गिटारवादक डॅनी व्हिटन हेरॉइनच्या आहारी जात होता, त्यातून ते आलं. फेब्रुवारी १९७२ मध्ये ते 'हार्व्हेस्ट' या अल्बममध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा व्हिटन जिवंत होता. नोव्हेंबरमध्ये तो गेला. जेमतेम दोन मिनिटांचं गाणं, एकच गिटार, आणि शब्दांत व्हिटनचं नाव कुठेही नाही. तरी ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. तुझ्या गाण्यात ते काम तिसरी तार करते. दुसऱ्या कडव्यात मात्र सरांचं नाव येतं, रुग्णालयाचं येतं, आणि गाणं एकदम बातमीसारखं वाटायला लागतं. ते कडवं काढ किंवा नव्याने लिही.

फोटो आणि 'सत्यकथा' तर नकोच. नाव तुझं होईल आणि उघडे सर पडतील. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने आपल्या जुन्या साथीदारावर, सिड बॅरेटवर गाणं केलं. जून १९७५ मध्ये अल्बमचं काम सुरू असताना तोच स्टुडिओत येऊन उभा राहिला. अंग सुटलेलं, डोकं-भुवया भादरलेल्या. मित्रांना तो आधी ओळखूच आला नाही. ज्याच्यावर आपण लिहितो तो माणूस असा समोर येऊ शकतो. तुझ्या सरांना हे गाणं अनोळखी माणसाच्या फोनवर ऐकायला मिळू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

आता मास्टरबद्दल, इथे भिडेपोटी गप्प राहू नकोस. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: शब्द आणि चालीचा एक, त्या ध्वनिमुद्रणाचा दुसरा. मास्टरची मालकी म्हणजे हा दुसरा. चार दिवसांच्या फुकट स्टुडिओच्या बदल्यात तो कायमचा देणं हा महागाचा सौदा आहे. मित्राला त्याची फी दे, हप्त्याने दे. नाहीतर ठरावीक वर्षं उत्पन्नातला वाटा दे, पण मालकी तुझ्याकडे ठेव. वादकांसह कुणाचा किती टक्के वाटा, हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घे. मैत्री आहे म्हणून हा कागद आधीच व्हावा.

पदवी पूर्ण कर. एका सिंगलवर घर चालत नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. १,००० हा आकडा तू गाठशीलही, पण त्यातून येणारी रक्कम फार किरकोळ असते. नव्या गायकाच्या हाती पैसा येतो तो बहुतेक कार्यक्रमांतून, शिकवण्यातून, दुसऱ्यांसाठी गाण्यातून. त्यासाठी तासभर पुरतील इतकी गाणी लागतात आणि तुझ्याकडे तयार गाणी चारच आहेत. उरलेलं वर्ष त्यात घाल.

प्रकाशनाची तारीखही घाईने जाहीर करू नकोस. स्पॉटिफायवर प्लेलिस्टच्या, म्हणजे निवडक गाण्यांच्या यादीच्या, संपादकांकडे फक्त अप्रकाशित गाणंच पाठवता येतं, म्हणून मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्यांची जुळणी, पूर्ण झाल्यावर तीन-चार आठवडे हातात ठेव. त्याच आठवड्यांत सरांना भेटून ये. फाइल पाठवू नकोस. गिटार घेऊन जा आणि समोर बसून गा. ते नको म्हणाले, तर पहिलं सिंगल म्हणून उरलेल्या तिघांतलं एक निवड. तुझ्या पत्रातलं बसस्टॉपवरचं गाणं मला आवडलं. हो म्हणाले, तर एखादी ओळ ते बदलायला सांगतील, ती बदल. आणि जाताना गिटार लावून नेऊ नकोस, ते काम त्यांच्याकडे दे. कितीही वेळ लागला तरी थांब.