रिकाम्या खोक्यापासून सुरू झालेला धंदा

प्रश्न असा आहे: "'स्टार वॉर्स' हा मुळात एक अंतराळपट. मग त्याच्या नावावर बाहुल्यांपासून बेडशीटपर्यंत सगळं कसं विकलं जायला लागलं? जॉर्ज लुकस यांनी हे आधीपासून ठरवून केलं होतं का?"

नाही, ठरवून नव्हतं केलं. आज सगळं माहीत असताना तो मोठा डाव वाटतो, पण सुरुवातीची दहा वर्षं नीट बघितली तर त्यात धोरणापेक्षा धास्ती, योगायोग आणि उशीरच जास्त दिसतात.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी लागेल. लुकस यांच्या या अंतराळपटाची कल्पना युनायटेड आर्टिस्ट्स आणि युनिव्हर्सल या दोन कंपन्यांनी नाकारली होती. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समधल्या ॲलन लॅड ज्युनियर यांनी ती घेतली. तेवढ्यात १९७३ मध्ये लुकस यांचा 'अमेरिकन ग्राफिटी' तुफान चालला. असा चित्रपट हाताशी आला की दिग्दर्शक मानधन वाढवून मागतो, ही तिथली रीतच. लुकस यांनी दिग्दर्शनाचं मानधन दीड लाख डॉलरवरच ठेवलं आणि बदल्यात पुढचे भाग काढण्याचे आणि चित्रपटाच्या नावाने वस्तू विकण्याचे हक्क मागून घेतले. स्वस्तात सुटलो, असंच फॉक्सला वाटलं असणार.

फॉक्सला मूर्ख म्हणायचा मोह होतो, पण त्यांच्या जागी बसून बघा. १९६७ मध्ये त्यांनी 'डॉक्टर डूलिटल' काढला होता. त्या नावाने खेळण्यांचा आणि इतर वस्तूंचा डोंगर बाजारात उतरवला, चित्रपट पडला आणि माल दुकानांत धूळ खात राहिला. चित्रपट उतरला की त्याचं खेळणंही मेलं, असा त्या काळचा हिशेब होता. खेळण्याचे साचे पाडून माल दुकानात यायला वर्षाच्या वर जायचं आणि चित्रपट तर चार-सहा आठवड्यांत निघून जायचा. असल्या हक्कांना कोण विचारतो?

आणि लुकस यांना तरी त्यात सोन्याची खाण दिसत होती का? तसं वाटत नाही. आपल्या चित्रपटाची जाहिरात फॉक्स धड करणार नाही, ही त्यांची धास्ती होती. पोस्टर आणि टीशर्ट आपणच काढू, म्हणजे निदान लोकांना नाव तरी कळेल, इतका साधा विचार. कथाही एका चित्रपटात मावत नव्हती, म्हणून पुढच्या भागांचा हक्क. म्हणजे मागितला होता ताबा, त्याच्या मागून पैसा आला.

ही जाहिरात अंगावर घेणारा माणूस होता चार्ल्स लिपिनकॉट. याचं नाव कुणी फारसं घेत नाही, पण माझ्या मते अर्धं श्रेय त्याचंच आहे. चित्रपटाची कादंबरी १९७६ च्या अखेरीस, चित्रपटाच्या सहा महिने आधी, दुकानात आली. तिच्यावर नाव लुकस यांचं, लिहिलेली ॲलन डीन फॉस्टर यांनी. मार्व्हलचं कॉमिकही प्रदर्शनाआधीच सुरू झालं. १९७६ च्या उन्हाळ्यात सान डिएगोच्या कॉमिक संमेलनात हा माणूस चित्रपटाच्या स्लाइड दाखवत आणि पोस्टर विकत बसला होता. आज त्या संमेलनात सगळं हॉलिवूड लोटतं. तेव्हा चित्रपटवाले तिकडे फिरकतही नसत.

खेळण्यांच्या बाबतीत मात्र त्याला दारोदार फिरावं लागलं. बाहुल्यांच्या धंद्यात त्या वेळी जोरात असलेल्या मेगो कंपनीने नकार दिला. (ती कंपनी १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली. एकट्या या नकारामुळे नव्हे, पण जुने संग्राहक हा किस्सा मीठमसाला लावून सांगतात.) शेवटी सिनसिनाटीच्या केनर कंपनीशी जमलं, तेही प्रदर्शन महिन्याभरावर आलं असताना.

इथे थोडं स्वतःचं सांगतो. मी नोकरीनिमित्त काही वर्षं सिनसिनाटीत होतो आणि या विषयाचं वेड मला तिथेच लागलं. केनर हे नाव तिथल्याच एका रस्त्यावरून घेतलेलं. ते गाव साबणाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध, पण कुठल्याही गराज सेलमध्ये जुन्या खेळण्यांचं एखादं खोकं हमखास निघायचं. असंच एकदा एका आजीबाईंच्या अंगणात मला बोटाएवढा जावा मिळाला. जावा म्हणजे वाळवंटात भंगार गोळा करणारी, टोपडं घातलेली ती बुटकी जमात. याच्या अंगावर तपकिरी कापडाचा झगा होता. मी खूश होऊन एका जाणकाराला दाखवला, तर तो म्हणाला, "कापडाचा आहे ना? मग ठेव टेबलावर. प्लास्टिकचा असता तर गाडी आली असती." सुरुवातीच्या जावांना पातळ प्लास्टिकचा झगा होता. इतर बाहुल्यांच्याच किमतीत हा एवढासा बुटका आणि वर त्याला प्लास्टिकचं फडकं, लोकांना फसवल्यासारखं वाटेल, म्हणून केनरने लवकरच कापड लावलं. त्यामुळे जो झगा तेव्हा दरिद्री वाटला, तो आज मौल्यवान.

असो. २५ मे १९७७ ला 'स्टार वॉर्स' लागला, पहिल्या दिवशी जेमतेम ३२ चित्रपटगृहांत. लुकस त्या दिवशी ध्वनिमिश्रणात इतके बुडालेले होते की चित्रपट आज लागतोय हेच डोक्यातून गेलेलं. हॉलिवूडमधल्या चायनीज थिएटरसमोरच्या हॉटेलात पत्नीसोबत जेवायला गेले, तर बाहेर ही गर्दी. कुठला चित्रपट लागलाय म्हणून बघतात, तर आपलाच! हे सगळं आधीपासून ठरलेलं होतं असं कुणी म्हणालं की मला हा प्रसंग आठवतो.

आता केनरची पंचाईत. पोरं दुकानांत जाऊन चित्रपटाचा नायक ल्यूक आणि खलनायक डार्थ व्हेडर मागताहेत आणि साचेच तयार नाहीत. नाताळ तोंडावर आला. कोडी आणि पटावरचे खेळ निघाले, पण बाहुल्या नाहीत. तेव्हा कंपनीने जे विकलं त्याला बाजारात तुरी म्हणतात. पुठ्ठ्याचं एक चपटं पाकीट. आत चित्रांचा पुठ्ठ्याचा स्टँड, काही स्टिकर आणि एक प्रमाणपत्र. ते टपालाने पाठवायचं, मग १ फेब्रुवारी ते १ जून १९७८ दरम्यान चार बाहुल्या घरी येणार: ल्यूक, राजकन्या लेया, च्युबॅका आणि आर-टू-डी-टू. नाताळच्या सकाळी पोराने उत्सुकतेने पाकीट उघडलं आणि आतून कागद निघाला! दुकानदारांनी नाकं मुरडली. पण लोकांनी ती पाकिटं घेतली. १९७८ मध्ये केनरने ४ कोटींच्या वर बाहुल्या विकल्या.

त्या इतक्या का खपल्या, हे समजून घेण्यासारखं आहे. पहिलं कारण उंची. त्या आधीच्या मुलांच्या बाहुल्या, म्हणजे जुना जी. आय. जो वगैरे, फूटभर उंच असायच्या. केनरने उंची पावणेचार इंचांवर आणली. का, तर या चित्रपटाची खरी गंमत यानांमध्ये आहे. यानचालक हान सोलो फूटभर करायचा तर त्याचं यान, मिलेनियम फाल्कन, दिवाणाएवढं करावं लागलं असतं. बाहुली लहान केली आणि यान विकता आलं. शिवाय बाहुली दोन-तीन डॉलरांत बसू लागली, म्हणजे आईबापांनी बाजारहाट करता करता सहज टोपलीत टाकावी अशी. बाहुलीच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला पहिल्या संचातल्या बाराही बाहुल्यांचे फोटो छापलेले. पोराने एक घेतली की उरलेल्या अकरा त्याच्याकडे बघत बसायच्या. वर पाकिटावरची खूण कापून ठेवायची सोय. चार खुणा पाठवल्या की नवी बाहुली मोफत.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं. तेव्हा बहुतेकांच्या घरी व्हिडिओ नव्हता. चित्रपट आवडला तर परत तिकीट काढा, नाहीतर आठवत बसा. त्या पिढीला घरातल्या गालिच्यावर चित्रपट पुन्हा लावायचं एकच यंत्र मिळालं, ते म्हणजे या बाहुल्या. एका भागानंतर दुसरा यायला तीन वर्षं. त्या मधल्या काळात कथा पोरांनीच पुढे नेली.

आणि चित्रपटातही त्यासाठी भरपूर मोकळी जागा होती. मद्यालयाचा तो प्रसंग आठवा. चित्रविचित्र प्राणी दोन-दोन सेकंद दिसतात आणि जातात. नावगाव काही नाही. केनरला पाकिटावर काहीतरी छापायला हवं होतं, म्हणून त्यांनी रूपावरून नावं ठेवली: हातोडीडोक्या, वॉलरससारखा, वाकड्या दातांचा. त्यातल्या वाकड्या दातवाल्याचा, म्हणजे स्नॅगलटूथचा, त्यांना कमरेपर्यंतचाच फोटो मिळाला होता. खालचं अंदाजाने करून त्यांनी त्याला निळा पोशाख आणि चंदेरी बूट घातले, उंचीही इतरांएवढी दिली. मागाहून कळलं की हा मुळात बुटका आणि लाल कपड्यातला. चूक सुधारली, पण निळा उंच स्नॅगलटूथ सिअर्सच्या दुकानांतल्या संचातून विकला गेलाच होता. आज त्याच्यावर संग्राहकांच्या उड्या पडतात. ज्याचा हात चित्रपटात तलवारीने उडतो, त्या वॉलरसवाल्याचं नाव पुढे पोंडा बाबा ठरलं. ऐकून गोव्यातल्या फोंड्याचा कुणी बाबा वाटेल, पण त्याच्यावरही गोष्टी लिहिल्या गेल्या. पडद्यावर दोन क्षण, पाकिटावर नाव, मग पुस्तकात चरित्र, असा हा उलटा प्रवास. माझ्या लेखी 'स्टार वॉर्स'चा विस्तार खरा इथे झाला.

आलेल्या पैशाचं लुकस यांनी काय केलं? १९८० चा 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' त्यांनी स्वतःच्या पैशावर आणि बँकेच्या कर्जावर काढला. खर्च ३ कोटी डॉलरांच्या वर गेला, घाम फुटला, पण चित्रपट त्यांच्या मालकीचा राहिला आणि फॉक्स फक्त वितरक उरला. खेळण्यांच्या पैशाने दिग्दर्शकाला स्टुडिओच्या तावडीतून सोडवलं, असं हॉलिवूडमध्ये आधी घडलेलं मला तरी आठवत नाही. या गोष्टीसाठी मी लुकस यांना शंभर गुन्हे माफ करतो.

गुन्हे मात्र झालेच. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये हान सोलो मरावा असं ती भूमिका करणारे हॅरिसन फोर्ड यांचं मत होतं. लुकस यांनी नाही म्हटलं. मेलेल्या हानच्या बाहुल्या कोण घेणार, अशा अर्थाचं फोर्ड पुढे चेष्टेत म्हणाले. पहिल्या दोन भागांचे निर्माते गॅरी कुर्ट्झ तोवर बाहेर पडले होते. खेळण्यांचा धंदाच कथा ठरवायला लागला होता, ही त्यांची तक्रार त्यांनी नंतर उघड बोलून दाखवली. याच भागात ते केसाळ, अस्वलासारखे इवॉक आले. गंमत बघा, 'इवॉक' हा शब्द अख्ख्या चित्रपटात एकही पात्र उच्चारत नाही, तरी पोरापोराला तो पाठ होता. कुठून? पाकिटावरून.

स्वतःच्या दुकानदारीची किंमत लुकस पुरेपूर ओळखून होते. मेल ब्रूक्स यांनी १९८७ मध्ये 'स्पेसबॉल्स' हे विडंबन काढलं, तेव्हा लुकस यांची अट एकच: टिंगल हवी तेवढी करा, पण त्याची खेळणी विकायची नाहीत. ब्रूक्स यांनी अट पाळली आणि चित्रपटातच माल विकण्यावर एक प्रसंग घातला.

पुढचं भराभर सांगतो, कारण तो नेहमीचा व्यापार आहे. १९८५ नंतर खेळणी थंडावली. १९९१ मध्ये टिमथी झान यांच्या कादंबरीने बंद पडलेली कथा पुन्हा चालू केली, त्याच वर्षी केनर हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीकडे गेली आणि १९९५ मध्ये बाहुल्या परत आल्या. १९९९ च्या 'फँटम मेनेस'च्या वेळी दुकानं मध्यरात्री उघडली, पण माल इतका काढला की पुढे सवलतीत काढावा लागला. त्याच वर्षी लेगोने 'स्टार वॉर्स'चे संच आणले. ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेने लुकसफिल्म ४०५ कोटी डॉलरना विकत घेतली. आता आमच्याकडे गणपतीला येणारा सात वर्षांचा भाचाही डार्थ व्हेडरचा टीशर्ट घालून आरती म्हणतो. चित्रपट एकही पाहिलेला नाही.

एक शेवटची गोष्ट. नोव्हेंबर २०१९ मध्ये 'द मँडलोरियन' मालिका आली आणि पहिल्याच भागाच्या शेवटी ते मोठ्या कानांचं हिरवं बाळ दिसलं. हे गुपित फुटू नये म्हणून मालिकेचे कर्ते जॉन फॅव्हरो यांनी डिस्नेला त्याची खेळणी आधी काढू दिली नव्हती. चार दिवसांत जगभर त्या बाळाची मागणी, नाताळ महिन्यावर, आणि दुकानात बाहुली नाही. शेवटी काय केलं? पैसे आत्ता भरा, बाळ पुढच्या वर्षी येईल. बेचाळीस वर्षांनी तेच पाकीट, फक्त पुठ्ठ्याचं नव्हतं. मीही भरले. बाळ उशिराच आलं, आता कापडी झग्यातल्या जावाशेजारी बसलंय.