गोगलगाय खाणारा साप

प्रश्न : आशियातील जंगलांत गोगलगायींवर जगणारे लहान साप असतात, असे ऐकले. शंख न फोडता ते आतला जीव बाहेर कसा काढतात? ते विषारी असतात का?

उत्तर : पॅरिअस प्रजातीतील हे सडपातळ, बोथट तोंडाचे साप ईशान्य भारतापासून जपानच्या दक्षिणेकडील बेटांपर्यंत आढळतात. ते बिनविषारी असून रात्री झाडाझुडपांवर भक्ष्य शोधतात. खरी गंमत त्यांच्या खालच्या जबड्यात आहे. वरचा जबडा शंखावर टेकवून हा साप खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजू आळीपाळीने आत सरकवतो आणि ‘पोटात पाय’ घेऊन बसलेल्या गोगलगायीला हळूहळू ओढून काढतो. बहुतेक शंख उजवीकडे वळलेले असल्यामुळे त्याच्या उजव्या बाजूला दातही अधिक असतात. जपानच्या इशिगाकी व इरिओमोते बेटांवरील जातीत ते उजवीकडे सरासरी सुमारे २५, तर डावीकडे १८ भरतात. मात्र ही सोय डावखुऱ्या शंखापुढे निरुपयोगी ठरते : पकड नीट बसत नाही आणि अशा गोगलगायी बहुधा सुटतात. म्हणूनच, हे साप असलेल्या प्रदेशांत डाव्या वळणाच्या गोगलगायींच्या जाती तुलनेने अधिक आढळतात.